पाटीच्या अलीकडचं घर

मी ओडेसा पेटवे, विधवा, हे मृत्युपत्र लिहिताना शुद्धीवर आहे आणि बऱ्यापैकी खुशीत आहे. दोन्हींचा दाखला वकीलबाईंनी घेतला आहे. शाळा थोडीच झाली, म्हणून लिहिताना चुकले तर समजून घ्यावं.

फर्न स्ट्रीटवरचं घर माझी नात जनेलला देते. पलीकडच्या एल्मग्रोव्ह गावातल्या गॅरेजलाही याहून जास्त भाव येतो, त्यामुळे भांडण होणार नाही. शहराची हद्द माझ्या टपालपेटीशी संपते. पुढे "एल्मग्रोव्हमध्ये स्वागत" अशी पाटी आहे. मी ती रोज वाचते, पण स्वागत तिच्या पलीकडेच सुरू होतं.

बर्फ दोन्हीकडे सारखाच पडतो. पण त्यांची बर्फगाडी सकाळीच येते, पाटीशी बर्फ लोटणारा फाळ उचलते आणि वळते. आमच्या शहराची गाडी कधीतरी वसंतात येते. मुलगी व्हर्नेल तिकडेच राहते. ती म्हणते, तिकडे कर जास्त गोळा होतो. असेल. मीही भरते, पण माझ्या पैशाला बहुधा रस्ता सापडत नाही.

शेजारच्या क्लिओफसला रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिसला, न्यायला गाडी येते, ती बर्फात अडकली. मी झाडू घेऊन एल्मग्रोव्हच्या बर्फगाडीसमोर उभी राहिले. फार शूर दिसत असेन, कारण लगेच घसरून ढिगात कमरेपर्यंत रुतले.

चालक स्टॅनली उतरला. म्हणाला, "आजी, इथे फाळ उचलायचा हुकूम आहे."

"मग आधी मला उचल," म्हटलं.

घरात नेऊन त्याला मक्याचा पाव खायला घातला. तेव्हापासून त्याचा फाळ क्लिओफसच्या दारापुढे जाऊन उचलला जातो. पाटीशी उचलायला विसरतो, म्हणतो.

म्हणून तो पाव ज्यात भाजते तो आईचा बिडाचा तवाही जनेललाच. तो साबणाने घासू नये. व्हर्नेलने घासला होता, म्हणून तिला फक्त माझ्या टोप्या. जनेलने घर लगेच विकू नये. रिकाम्या घरात पाव भाजला जात नाही, आणि मग क्लिओफसचा रस्ता पाटीशीच संपेल. स्टॅनलीला पाव द्यावा असं मी लिहीत नाही, वकीलबाई रागावतात. बर्फ पडला की गरम पाव पायरीवर झाकून विसरावा. विसरायचं कसं ते त्याच्याकडून शिकावं.

झाडू एल्मग्रोव्हच्या महापौरांना.

हे माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या हाताने. फर्न स्ट्रीट, ओहायो, ९ जानेवारी.

ओडेसा पेटवे

साक्षीदार: हॅटी मे क्रेनशॉ, चर्चच्या गायनवृंदातली.
साक्षीदार: स्टॅनली वॉयचिक, बर्फगाडीचालक. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून त्याने सहीआधीच खाऊन घेतलं. कागदावरचा डाग लोण्याचा आहे.