मखमलीची दिशा

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही आधी घाबरला असाल. घाबरू नका. कोणी आजारी नाही, छप्पर जागेवर आहे, मांजर नेहमीसारखं तुमच्या खुर्चीत आहे. एवढ्या संसारात मी तुम्हाला पत्र म्हणून कधी लिहिलं नाही, कारण लिहावं लागेल इतके दूर तुम्ही गेलातच कुठे? पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, मागच्या खोलीत घर आणि मधे एक पडदा. आता फोन करावा तर तुम्ही "हं, बरंय" म्हणता आणि फोन लेकीच्या हातात देता. पत्र तसं देता येत नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. (आणि लेकी, आधी तूच फोडलं असशील तर इथेच थांब. हे तुझ्या बापासाठी आहे.)

"चार दिवस लेकीकडे जाऊन येतो," म्हणालात, कात्री ड्रॉवरमध्ये ठेवलीत आणि गेलात. त्या चार दिवसांचे आता किती झाले ते मी मोजत नाही, मोजमाप हे तुमचं खातं. कधी येणार असंही विचारणार नाही. पण तुम्ही मला या घरात परत हवे आहात, एवढं सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे उगाच आडवळणं घ्यायला नकोत. हे पत्र मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला बसले. मास्तर, मी एक गोष्ट पाहिली आहे आणि ती तुमच्याशिवाय कोणाला कळेलसं वाटत नाही. ती सांगायची तर आधी दुसरी सांगायला हवी. मी हल्ली गवत कापते.

हसून घ्या. झालं? तर समोरच्या दातांच्या डॉक्टरबाई कोटाचं बटण लावून घ्यायला आल्या होत्या. मी बटण लावत होते आणि त्या रडगाणं गात होत्या. लॉन कापणारा माणूस गाव सोडून गेला, गवत गुडघ्याला लागलं, पेशंट बसतात त्या खोलीची खिडकी नेमकी तिकडेच, आधीच घाबरलेली माणसं ते रान बघून आणखी घाबरतात. "काकू, तुमच्या ओळखीचं आहे का हो कोणी?" मी दातांनी दोरा तोडला आणि म्हटलं, "मी आहे की." शपथेवर सांगते, आवाज माझाच होता, पण निघण्याआधी त्याने मला विचारलं नव्हतं.

त्यांच्या गॅरेजमध्ये मशीन होतं. चार चाकं, वर इंजीन, पोटाखाली पातं, चालू करायला दोरी. मी दोरी ओढली. पुन्हा ओढली. खांदा निखळायची वेळ आली तरी ते ढिम्म. बाई म्हणाल्या, "राहू दे काकू, मी बघते कोणीतरी." मला असा राग आला! शिलाई मशीनपुढे जन्म गेला माझा, कुठे काय अडलंय ते मला आवाजावरून कळतं. लगेच आडवं केलं, म्हणजे मशीनला, बाईंना नव्हे. हवेच्या जाळीत कचरा ठासून भरलेला, आपल्या बॉबिनखाली साठतो तसा. दुकानातला ब्रश आणून साफ केलं, तेल बदललं, पातं सोडवून धारवाल्याकडे नेलं. तोच, तुमच्या कात्र्यांचा. त्याने पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तरांना माहीत आहे का हे?" मी म्हटलं, कळेल वेळ आली की. धार मात्र त्याने तुमच्या कात्रीला लावतो तशीच लावली.

मास्तर, पहिल्यांदा मशीन सुरू झालं आणि मी चालायला लागले तेव्हा माझ्या मागे एक पट्टा उमटत गेला. समोर सगळं माजलेलं, मागे स्वच्छ, आणि मधे मी. तो वास! वास येतो म्हणून माहीत होतं, पण इतका अंगावर येतो हे नव्हतं माहीत. आपल्या दुकानात कापणारे तुम्ही. माझ्या वाट्याला काजं, तुरपाई, हूक, म्हणजे टीचभर जागेतलं काम. अख्खं कापड माझ्यापुढे कोणी कधी पसरलं नव्हतं. त्या दिवशी ते फाटकापासून खिडकीपर्यंत पसरलेलं होतं आणि कापायचं मला होतं. मला रडू आलं. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही, हा त्यातला एक मोठा फायदा.

डॉक्टरबाईंचं पाहून शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी बोलावलं, त्यांचं पाहून पलीकडच्या जुळ्या बहिणींनी. आता आठवड्यातले बहुतेक दिवस माझे ठरलेले असतात. दव वाळल्याशिवाय गवताला हात लावायचा नाही, त्यामुळे सकाळी चहा निवांत होतो. मशीन डॉक्टरबाईंनी मलाच देऊन टाकलं, ते तुमच्या कापायच्या टेबलाखाली बरोब्बर बसतं. दारावर मी छोटी पाटी लावली आहे, 'हिरवळ कापून मिळेल'. तुमची पाटी काढलेली नाही. माझी तिच्या खाली आहे आणि जरा तिरकी लागली आहे. येणारे-जाणारे सांगतात, मी म्हणते, मास्तर आले की सरळ करतील.

आता माझी फजिती. खरं तर तुमची. केली मी, पण शिकवलीत तुम्ही. आठवतं, लग्न होऊन मी नवी नवी दुकानात बसायला लागले तेव्हा तुम्ही मला मखमल दाखवली होती. तळहात फिरवून म्हणाला होतात, बघ, हिला लव असते, एका बाजूने फिकी दिसते, दुसऱ्या बाजूने गडद. सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे. एक उलटा लागला की अख्ख्या कोटाची शोभा गेली. मखमलीला एकच दिशा. हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की मी झोपेतही म्हटलं असतं. तर गवतावरून हात फिरवला आणि मला लगेच कळलं, यालाही लव आहे. मग काय! मी फाटकापासून कापायला सुरुवात करायची, खिडकीशी थांबायचं, मशीन बंद करायचं, ते ओढत रिकामंच फाटकापर्यंत परत आणायचं आणि पुन्हा तिथून खिडकीकडे. जगात कोणी असं गवत कापत नसेल. हेडमास्तर कुंपणावरून बघत राहायचे, शेवटी म्हणाले, "बाई, येतानाही कापलं तर नियमात बसत नाही का?" मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कापडातलं काय कळतं.

दिसायचं मात्र देखणं. खिडकीतून पाहिलं की सगळं एकसारखं गडद, आपण राजाच्या अंगरख्यासाठी कापलंय असं. डॉक्टरबाई खूश, मी त्याहून खूश. आणि मग हळूहळू गवत निजायला लागलं. दर वेळी एकाच बाजूने लोटून लोटून ते उठायचंच थांबलं. पातं वरून नुसतं घसरून जायचं. चाकांच्या जागी चर पडले, खालून पिवळं दिसू लागलं. एके सकाळी मी वाकून ते बोटांनी उचललं तर खाली पार उजाड. मी तिथेच बसले. तुमच्या हातून बिघडलेला तो कोट आठवला.

त्या कोटाबद्दल आपण बोललेलो नाही. गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं कापड, कोट तुमच्याच हातून व्हावा म्हणून आणलेलं. कात्री सरकली आणि छातीचा तुकडा गेला. तो माणूस भला, काही बोलला नाही, आणि तेच तुम्हाला जास्त लागलं. त्या दुपारी तुम्ही कात्री ड्रॉवरमध्ये ठेवलीत. मी पडद्यामागे होते. त्या पिवळ्या गवतापाशी बसून मला पहिल्यांदा नीट समजलं की त्या दुपारी तुमचं काय झालं असेल. दुसऱ्याची चीज आपल्या हातून गेली की जमीन सरकते.

पण माझ्याकडे ठेवायला ड्रॉवर नव्हता, मशीन मोठं आहे. शिवाय खिडकीतून पेशंट बघत होते. मी दाताळं घेतलं आणि निजलेलं गवत उलट्या बाजूने विंचरून काढलं, गुंता झालेल्या केसांसारखं. मग दमले. रिकामं मशीन ओढत परत जायचं अंगात त्राण उरलं नाही, म्हणून जाताना कापलं आणि येतानाही कापलं. मनात म्हटलं, माफ करा मास्तर, आज मखमलीचा नियम मोडते. शेवटची रेघ संपली, मशीन बंद केलं आणि मी मागे वळले.

मास्तर, समोर पट्टे होते. एक फिका, एक गडद, एक फिका, एक गडद, थेट कुंपणापर्यंत. रंग नाही, दोरा नाही, दुसरं कापड नाही. तेच गवत, त्याच मुळांचं. मला वाटलं डोळ्यांवर अंधारी आली. मी धावत दुसऱ्या टोकाला गेले, माझ्या वयाला शोभणार नाही अशी, आणि तिथून पाहिलं तर फिके होते ते गडद झाले होते आणि गडद होते ते फिके! पुन्हा अलीकडे आले, पुन्हा उलटे. मी मटकन खाली बसले. ज्या गोष्टीला आपण सगळा जन्म घाबरलो, एक तुकडा उलटा लागू नये म्हणून जीव मुठीत धरला, ती उलटी लागली होती आणि तिच्याइतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. डॉक्टरबाई दारात आल्या. हातात दात उपटायचा चिमटा तसाच. म्हणाल्या, "काकू, हे तुम्ही मुद्दाम केलंत?" खोटं बोलवेना, खरं सांगवेना. मी म्हटलं, "आमचे मास्तर मखमल कापायचे." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्याही पायऱ्यांवर बसून बघत राहिल्या. आत पेशंट तोंड उघडून वाट बघत होता.

पुढचं ऐका. पिवळं पडलेलं, उजाड झालेलं, माझ्या हातून गेलेलं म्हणून मी ज्यावर पाणी सोडलं होतं, ते सगळं परत आलं. आधी कोवळी सुई दिसावी तसं, मग दाट. मी रोज जाऊन बघायचे, काही काम नसताना, नुसती उभी राहायचे. कापड कापलं की संपलं, हे आपण दोघांनी इतकं मनात घट्ट केलं होतं की कापलेलं परत येतं हे मला डोळ्यांनी पाहूनही खरं वाटेना. अजूनही वाटत नाही. दर खेपेला चाकांमागे बघते आणि थक्क होते.

आता हे पत्र का लिहिलं ते. मला वाटत होतं पट्ट्यांचं सांगायला लिहिलं, पण इथवर आल्यावर कळलं की तसं नाही. डॉक्टरबाईंचा भाऊ इस्पितळात व्यवस्थापक आहे, त्याने मला तिथली हिरवळ बघायला बोलावलं. चार मजल्यांच्या खिडक्या तिच्यावर उघडतात, पडून राहिलेली माणसं दिवसभर तेवढंच बघतात, आणि वरून प्रत्येक रेघ दिसते. मधोमध पाण्याचं गोल टाकं आहे. मी सरळ रेघेची बाई. डॉक्टरबाईंच्या अंगणातल्या झाडाभोवती गोलाई करून पाहिली तर झाडाला दुसऱ्याच कोणाची कॉलर लावल्यासारखी दिसली. गोल गळा कापायचा तर तो तुम्हीच, नजरेनेच, खडूसुद्धा न टेकवता. मी व्यवस्थापकांना सांगून आले, आमचे भागीदार बाहेरगावी आहेत, ते आले की सुरू करू. तुमचा हात थरथरतो हे मला माहीत आहे, मास्तर. कोटाच्या आधीपासून माहीत आहे. चहाचा कप बशीत वाजायला लागला की तुम्ही मोठ्याने खोकायचात, आणि मला ऐकू आलं नाही हे तुम्हाला कळावं म्हणून मी नळ सोडायचे. कात्रीला तो हात चालत नसेल, पण या मशीनचा दांडा एकदा धरून बघा. ते स्वतःच इतकं थरथरतं की थरथर माणसाची का मशीनची, हे देवालाही सांगता यायचं नाही. आणि रेघ चुकली तर चुकली, पुढच्या आठवड्याला गवत पुन्हा वर येतं. परवा दिवसभर काम करून घरी आले, चहा ओतला, आणि माझाच कप बशीत वाजायला लागला. बराच वेळ वाजत होता. खोकायला घरात कोणी नव्हतं. या.

तुमचीच,
आता मालकीण झालेली, तरी तुमची असिस्टंट