पडल्यापडल्या बाराशे कॅलरी

४ ऑगस्ट, उदगीर
नणंद उज्वलाताईंचा नांदेडहून फोन. गेल्या महिन्यात त्यांनी आईच्या मनगटाला घड्याळ बांधलं, त्याचे आकडे त्यांच्या मोबाइलवर दिसतात. म्हणाल्या, "वर्षा, आई रोज बाराशे कॅलरी जाळतेय. पडून असलेलं माणूस एवढं जाळतं का?"

खरंच की! खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आत्याबाई — माझ्या सासूबाई — बाजेवरच. हाड जुळलंय, चाला, असं डॉक्टर सांगतात. ह्या म्हणतात, पाय उचलत न्हाई. भांडं द्यायला, अंग पुसायला मी.

मी शिवणकामाला गेले की चालतात काय?

५ ऑगस्ट
कामावरून मधेच आले. खिडकीतून बघितलं. बाजेवरच, डोळे मिटलेले. पण माझी चाहूल लागून मिटले असतील तर?

७ ऑगस्ट
बोलून टाकलं आज. घड्याळ सांगतंय तुम्ही चालता म्हणून — मग पाणी आपलं आपण घ्या. आत्याबाई नुसत्या घड्याळाकडं बघत राहिल्या.

८ ऑगस्ट
पडल्या. शेजारच्या नाजियाचा फोन आला, पळत आले तोवर तिनं उचलून बाजेवर निजवलं होतं. दवाखान्यात नेलं. मोडलं काही नाही, कोपर सोलवटलंय.

तिथं व्यायाम करवून घेणाऱ्या प्रीतमदादांना घड्याळाचं विचारलं. उज्वलाताईंकडून मागच्या आठवड्याच्या आकड्यांचा फोटो मागवून दाखवला. म्हणाले, श्वास घेणं, काळीज चालणं, अंग ऊबदार राहणं — झोपलेलं माणूसही जाळतंच. घड्याळ तेही एकूणात धरतं. हालचालीचा आकडा खाली वेगळा.

खाली बघितलं. जवळजवळ काहीच नाही.

ताईंना कळवलं.

९ ऑगस्ट
आत्याबाईंचे पाय धरले. आम्ही आकडा चुकीचा वाचला, तुम्ही खऱ्या होतात, म्हटलं. त्यांना राग नव्हताच.

"मला वाटलं, मिशिन म्हणतंय तर चालत असतील पाय. म्हणून उठले," म्हणाल्या.



१० ऑगस्ट
नाजियाला विचारलं, बाजेवरून उतरतानाच पडल्या होत्या ना?

"न्हाई भाभी. रांजणापाशी पडल्या. पाणी पिऊन परत फिरल्या होत्या."

रांजण परसात आहे. मधे दोन खोल्या! आम्ही चुकीच्या वाचलेल्या आकड्याच्या भरवशावर त्या तेवढं चालल्या होत्या.