दहातले पाच शब्द

लिमरिक,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय टायगोबा,

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, तरी रविवारी चर्चला चालतच गेली आणि आयर्लंडच्या रग्बी संघात तुझं नाव लागल्याचं गावभर सांगून आली. पहिल्या सामन्याला मिळणाऱ्या तुझ्या मखमली टोपीसाठी तिने कपाटावर माझ्या टोपीशेजारची जागा पुसून ठेवलीय. "थोरल्याची एकटी कंटाळली," म्हणते.

फोन सोडून पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर माझं बोलणं मधेच हरवतं. कागदावर निदान वर काय लिहिलंय ते वाचता येतं.

शनिवारी क्लबच्या सामन्यात तुझ्या डोक्याला गुडघा लागला, तो मी टीव्हीवर पाहिला. तू उठलास आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास. लोक हसले. संध्याकाळी तुझा मेसेज आला, "चाचणी पास! थँक्यू, दादा." हातातला घास मी ताटात परत ठेवला.

हंगामाआधी डॉक्टर दहा शब्द ऐकवतात, किती लक्षात राहिले ते लिहून ठेवतात आणि पुढे डोक्याला मार बसला की त्याच आकड्याशी ताडून बघतात. "मुद्दाम पाचच सांग, म्हणजे कधी अडणार नाहीस," हे तुला मीच शिकवलं. मी अकरा हंगाम पाचच सांगितले आणि देशासाठी एकतीस सामने खेळलो. केवढा हुशार समजायचो स्वतःला!

गेल्या महिन्यात इथल्या डॉक्टरांनी मला पुन्हा दहा शब्द ऐकवले. या वेळी जीव तोडून आठवले रे. तीन आले. एकतीसपैकी चार सामने आठवतात. तुझ्या ब्रीडावहिनीने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्यात. परवा मी किटलीत दूध ओतलं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

तू स्वतःच डॉक्टरांना सांग, असं लिहायला बसलो होतो. पण तुझ्या जागी मी गप्पच बसलो असतो. म्हणून आज सकाळी मीच संघाच्या डॉक्टरांना फोन केला. आधी सगळं कागदावर लिहून काढलं आणि त्यांना वाचून दाखवलं, तुझ्या पाच शब्दांसकट. येत्या शनिवारी तू खेळणार नाहीस, टायग.

आईने पुसलेली जागा रिकामी राहील, ते मला बघवणार नाही. तू मात्र ये. दारात उभा राहून हव्या तेवढ्या शिव्या दे. हे भांडण आपल्या दोघांपैकी एकाला तरी आयुष्यभर आठवायला हवं.

तोवर तरी तुला विसरलेला नाही,
तुझा मॅलकी