हॉटेल स्वालानचा उघडा खांब

मी, गुनिला हेडस्ट्रम, वय सत्तावन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार नॉर्शेपिंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहिते. शुद्धीविषयी माझा धाकटा भाऊ टॉर्केल याचे मत निराळे आहे; ते त्याने स्वतःच्या मृत्युपत्रात नोंदवावे. परवा माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर आशावादी आहेत, मी वार्ताहर आहे.

१. मुख्य चौकातील हॉटेल स्वालान आम्हा भावंडांचे निम्मे-निम्मे. पणजोबांना संगमरवर परवडला नाही, म्हणून त्यांनी दिवाणखान्याच्या पाइनच्या खांबांवर तो रंगवून घेतला. असा की, पाहुणे गार लागतो का ते हात लावून बघत. पुढे अख्खा देश जुन्या दारांवरचा रंग खरवडू लागला, तेव्हा टॉर्केललाही सत्याचा साक्षात्कार झाला.

"ताई, हे ढोंग आहे. लाकूड लाकडासारखं दिसू दे की!"

"ढोंग नाही रे, अलंकार आहे."

"तुझं आपलं काहीतरीच!"

मी बातमीसाठी परदेशी गेले असता त्याने सगळे खांब क्षाराने धुऊन काढले. परतले तो राजसभेची सौना, वाफ घ्यायची लाकडी खोली, झालेली.

२. माझा निम्मा हिस्सा रंगकारागीर सिग्ने लुंडमार्क हिला द्यावा. हंसाच्या पिसाने ती खांबांवर संगमरवराची एकेक शीर परत उमटवते आहे. जवसाच्या तेलाचा रंग सावकाश वाळतो, तिला घाई नसते. मध्ये उभ्या राहिलेल्या माझ्या भावाला ती एवढेच म्हणते, "टॉर्केल, सरक रे, उजेड अडतोय." टॉर्केलला हॉटेल विकायचे आहे, घेणारे दिवाणखाना तोडून खोल्या काढणार. आता विक्रीला सिग्नेची सही लागेल, आणि ओल्या रंगाशेजारून ती उठत नाही.

३. बँकेतील शिल्लक छताच्या सोनेरी वर्खासाठी. टंकलेखन यंत्र ज्याला उचलवेल त्याला.

४. दारालगतचा एकच खांब उघडा उरला आहे. तो टॉर्केलला. त्याने स्वतः सिग्नेला विनंती केल्याखेरीज त्याला कोणी कुंचला लावू नये.

टॉर्केल आज साक्षीदार व्हायला आला होता. ज्याला काही मिळते त्याला साक्ष देता येत नाही, असे मी सांगितले.

"म्हणजे मला काहीतरी ठेवलंयस? काय?"

"खांब."

"कुठला?"

"तुझाच. उघडा."

तो खिडकीपाशी गेला. मग माझ्याकडे न वळताच म्हणाला, "वाळायला किती दिवस लागतात गं?"

हे कलम मी बदललेले नाही.

(सही) गुनिला हेडस्ट्रम

आमच्यासमक्ष, तिने हसतमुखाने सही केली:
१. बेर्तिल ओकेसन, हॉटेलचा द्वारपाल
२. मायलिस फोर्सबेर्ग, शेजारीण

नॉर्शेपिंग, १४ ऑक्टोबर १९९१