तारीख नसलेला राजीनामा

३ मार्च, सकाळी ७
ठरलं. आज राजीनामा. दाढी करताना वाक्य पाठ केलं: साहेब, तब्येत साथ देत नाही. थोडक्यात आणि ठाम. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला, त्यातून जिल्हा प्रशासनाच्या बांधकाम उपप्रमुखाला, एवढं बोलता यायलाच हवं. राईसा म्हणाली, गेल्या महिन्यात चारदा हेच पाठ केलंस. बायकोला तयारी आणि टाळाटाळ यातला फरक कळत नाही.

३ मार्च, संध्याकाळ
दिला नाही. साहेब खुशीत होते. जिल्हाप्रमुख व्हालेरियान अर्काद्येविच खुशीत असताना त्यांना दुखवणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय सीमा तीस किलोमीटरवर, रोज सायरन. युद्ध (बंदी असलेला शब्द खोडला, वही घरातली असली तरी शिस्त हवी) विशेष मोहीम चालू असताना माझ्यासारखा अनुभवी माणूस ते आणणार कुठून?

११ मार्च
साहेबांनी सहीला कागद दिला. बसथांब्यांवर तोफमाऱ्यापासून बचावाचे काँक्रीटचे निवारे, एकूण बेचाळीस, बांधून पूर्ण. मी स्वतः पाहिलेले नऊ. बाकीचे कुठे, असं विचारणारच होतो. साहेब म्हणाले, अरे प्लातोन, येतायत की! कागद पुढे गेल्याशिवाय काँक्रीट हलतं का कधी? ठेकेदार म्हणजे साहेबांचा मेहुणा. घरचा माणूस, तो कशाला फसवेल?
सही केली. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. माझ्या सहीला शेवटी एक लांब शेपटी असते, ती मुद्दाम काढली नाही. उद्या कुणी विचारलंच तर हात वर. ही माझी सहीच नव्हे!

१२ मार्च
साहेबांची सेक्रेटरी नेल्ली बोरिसोव्हना सगळ्यांसमोर म्हणाली, प्लातोन येफिमिच, सहीची शेपटी कुठे सांडलीत? हसण्यावारी नेलं.

२ एप्रिल
दिला! खरोखर टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचलाही नाही. तिजोरी उघडून माझाच दुसरा कागद काढला. रुजू होताना सगळ्यांकडून घेतात तसा. स्वेच्छेने राजीनामा देत आहे, खाली माझी सही, तारखेची जागा कोरी. म्हणाले, तू पाच वर्षांपूर्वीच राजीनामा दिलायस, राजा. तारीख तेवढी मी घालायची, ती मला वाटेल तेव्हा घालेन. चहा घेणार?
चहा घेतला. जिना उतरताना लक्षात आलं, साहेब मला सोडायलाच तयार नाहीत. एवढी आपली किंमत! आणि या नोकरीमुळेच तर सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट आहे. राईसाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, सूट खुर्चीला आहे, तुला नाही. उगाच काहीतरी.

२० एप्रिल
राईसाबरोबर बाजारातून येताना सायरन. सत्तावीस नंबरचा थांबा जवळ होता. कागदोपत्री तिथे निवारा आहे. प्रत्यक्षात चार खुंट्या आणि त्यांना ताणून बांधलेली दोरी. आखणी झाली आहे, म्हणजे काम सुरू आहे.
लोक दोरीच्या आत उभे राहिले. दाटीवाटीने, शिस्तीत. एक आजी मला म्हणाली, आत ये रे बाळा, बाहेर कशाला थांबलास? मी दोरी ओलांडून आत गेलो. राईसा गेली नाही. पिशवी घेऊन बाहेर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.
स्फोट लांब झाला. कुणाला काही नाही. घरी आल्यावर राईसानं विचारलं, हे तुझंच काम ना? म्हटलं, काम ठेकेदाराचं, माझी फक्त सही. तिनं बोर्श्च, बिटाचं सूप, माझ्यापुढे ठेवलं आणि आपली वाटी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.
सोमवारी साहेबांशी सत्तावीस नंबरबद्दल बोलणार. कडक शब्दांत.

२२ एप्रिल
साहेब दौऱ्यावर.

१४ मे
साहेब मॉस्कोला! मंत्रालयात मोठी जागा. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जिल्हा आता तुझा. लेखी आदेश मागाहून येईल, आजच बस. कार्यवाहक प्रमुख! चामड्याची खुर्ची, फिरतेसुद्धा. तिजोरीची किल्लीही माझ्याकडे. उद्या तो राजीनामा फाडणार आणि मग निवाऱ्यांचं बघणार.

१५ मे
तिजोरी रिकामी. साहेब घाईत होते, चुकून सगळंच नेलं असणार.

२६ मे
एकोणीस नंबरच्या थांब्यावर गोळा पडला. दोघी गेल्या. यादीत तिथेही निवारा आहे.
नावं वाचणार नव्हतो. वाचली. एक शाळेत स्वयंपाक करायची. मी जेवलो नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२९ मे
मॉस्कोहून तपास अधिकारी. तरुण, अत्यंत नम्र. मी सांगितलं, ही सही माझी नाही, माझ्या सहीला शेपटी असते. तो म्हणाला, हो ना! पाच वर्षांच्या सगळ्या कागदांवर आहे, फक्त याच्यावर नाही. म्हणजे हा कागद खोटा आहे, हे तुम्हाला सही करतानाच माहीत होतं.
मग म्हटलं, साहेबांना विचारा. त्यानं फाइलमधून माझा राजीनामा काढला. साहेबांनीच पाठवलेला. तारीख घातली होती, १० मार्च. ओळखीचं अक्षर. म्हणजे ११ मार्चला मी कुणीच नव्हतो. ऑफिसात घुसून सरकारी कागदावर सही करणारा एक परका इसम. त्यानं हळूच विचारलं, आणि या खुर्चीत तुम्ही कसे काय बसलात?
लेखी आदेश मागाहून येणार आहे, असं मी म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं.

५ जून
वकील म्हणाला, दहा वर्षं तुरुंग, नाहीतर स्वेच्छेने आघाडीवर. सैन्याच्या करारावर सही केली की खटला थांबतो. नशीबवान आहात म्हणाला. विचार करून निर्णय घेतला. माझ्यासारख्या बांधकामवाल्याला खंदकात कोण घालेल? मागच्या बाजूला एखादं ऑफिस, नकाशे, वर्षभरात परत. सही केली. शेपटीसकट.
राईसा ओट्याला धरून उभी होती. म्हणाली, माझ्याशी तरी खरं बोलायचंस रे. तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

१८ जून, प्रशिक्षण तळ
ऑफिस नाही. सार्जंट माझा मुलगा शोभेल एवढा तरुण. बांधकाम उपप्रमुख होतो म्हटल्यावर त्यानं फावडं हातात दिलं. परवा पुढे नेणार आहेत.
मला भीती वाटते आहे. ही ओळ खोडणार नाही.
दुपारी दोन मिनिटं फोन मिळाला. राईसानं विचारलं, सप्टेंबरात बटाटे काढायला येशील ना? एकटीला जमणार नाही मला. येतो की, म्हणालो, आणि बोलता बोलता खिशातला करार उघडला. शेवटच्या पानावर संपण्याच्या तारखेची जागा होती. कोरी.
तिला म्हणालो, इथल्या साहेबांना विचारून सांगतो.