रजेवरनं माघारी आलेला शिपाई

चिटगुप्पा,
श्रावणातला दुसरा सोमवार

लाडाची सुधारानी,

तुला चिटगुप्प्यात एक आजी हाय. पार्वतम्मा तिचं नाव, पुढचे दोन दात न्हाईत. मुंबईत राहून इसरली आसशील म्हणून वळख सांगायलेय. शरणार्थी, म्हंजे तुमच्या मुंबईचा नमस्कार.

मी सांगायलेय, तुझी आई लिहायलीय. शिवकन्याचं अक्षर मोत्यावानी हाय म्हणतेत, मला तर मुंगळे चालल्यावानी दिसतंय. आम्ही बऱ्या हाव. म्हशीला रेडी झाली. तुझे अप्पा तुरीच्या रानात गेलेत. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतीस, मग आई रडती, मग तू रडतीस, आन् माझं बोलायचं तसंच ऱ्हातंय. म्हणून कागद.

तुमची ती लढाईतली हसायची मालिका रोज बघतो आम्ही. कुणाच्या हातात काय हुतं, अंगावर काय हुतं, ते ध्यानात ठेवायचं काम तुझं, व्हय की? मग डोळे कुठं ठेवतीस गं? हवालदाराची पट्टी डाव्या हाताला, एक घोट च्या पिला की उजव्या हाताला. बर्फात उभारलेला शिपाई घामानं थबथबलाय. लढाई माझ्या लग्नाच्या टायमाची म्हणता, आन् मागं डोंगरावर मोबाईलचा टॉवर! सुभेदाराची मिशी तर तंबूतनं बाहेर येईपर्यंत वाढती. मला अक्षर कळंना, पर मिशी कळती.

ह्या समद्या चुका काढ. एक सोडून.

मालिका मोबाईलवर घालायच्या आधी दुरुस्त करायलेत, आन् मागं दिसणाऱ्या आपल्या प्रभूला, तुझ्या भावाला, पुसून टाकणार, असं तू आईला बोललीस. कुठं कुठं पुसायचं ते तूच दाखवायचं म्हणं. तेवढं करू नको, पोरी. त्याच्यासाठीच हे लिहायलेय.

इथं तुझ्या आईनं पेन ठेवलं. म्हणली, "अत्ते, चुलीवर दूध हाय." दूध कवाच उतरवलंय. आता आली माघारी.

तूच त्याला मालिकेत काम दिलंस. कांदे सोलणारा शिपाई, तोंडात एक शब्द न्हाई. एका भागात तो ट्रकात बसून रजेवर जातो, समदे हात हालवतेत, हा पळी हालवतो. आन् दुसऱ्या दिवशी बघतो तर मागं बसून कांदे सोलायलाय! आधीचं शूटिंग नंतर लावलं म्हणं तुम्ही. समदा गाव हसला. गुरप्पा हाटेलातनं वरडत आला, "अव्वा, तुमचा प्रभुलिंग रजेवरनं आला की वो माघारी!" आन् दारातच जीभ चावून उभारला. मी म्हणलं, "आला की. बस, च्या पी."

लिही शिवकन्या, थांबू नको.

जत्रेला म्हणून खरीच रजा काढून आला हुता पोरगा. जाताना मुंबईची गाडी धरायला दोस्ताच्या मोटारसायकलवर बसला. हुमनाबादच्या अलीकडंच संपलं.

शेजारच्या सुमतीबाई पितरात आपल्या नरसिंहाचं पान मांडतेत. कावळा शिवला की म्हणतेत, आला माझा लेक, जेवून गेला. आपल्या लिंगायतात पिंड न्हाई, कावळा न्हाई. प्रभूला इभूत लावून, मांडी घालून मातीत बसवला. स्वामी म्हणले, शिवात मिळाला, आता येणं न्हाई, जाणं न्हाई. धर्म बरोबरच आसंल, मी कोण बोलणार? पर वाट बघायलाबी जागा ठेवली न्हाई आम्हाला.

तुझी आई टीव्ही बघत न्हाई म्हणती. बरोबर त्याच टायमाला दारात बसून काहीतरी चिरायलेली आसती. परवा तो मागं दिसला तर म्हणली, "सालपट किती जाड काढायलाय!" रागवली गं त्याच्यावर. तो गेल्यापासनं पहिल्यांदा रागवली. हे लिहितानाबी मान वर करंना झालीय.

तू त्या कामाला बोलावलंस म्हणून त्याचा जीव गेला, असं मनाला लावून घेतलंस तू. उलटं बघ की. तू बोलावलंस म्हणून तर अजून दिसायलाय. तुझ्या साहेबाला सांग, टॉवर पाडा, मिशी कापा, घाम पुसा. घरी गेलेला माणूस माघारी आला, ही चूक कामून?

उत्तर लिहू नको. आलं तर तुझ्या आईलाच वाचून दाखवावं लागतंय. गावातल्या वीरभद्रप्पाचा ट्रक तिकडनं येतो, त्याच्याजवळ डबा दे. त्याला पुसला आसंल तर फरसाण घाल, मी समजंन. राहिला आसंल तर पेढे घाल. होता होईल तो पेढेच पाठव.

तुझी, आन् त्याचीबी,
आजी