नॅटच्या शेपटीवरची फुली

पूर्णा,
१४ सप्टेंबर

प्रिय भागवत,

माझा नमस्कार, महानंदाचा नमस्कार आणि सूनबाई त्रिवेणीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठीक. माझा गुडघा हवा बदलली की बोलतो, एरवी गप्प असतो. तुझी खुशाली विचारणार होतो, पण ती तुझ्या बजरंगकडून आधीच कळली. कस्तुरावहिनी गेल्यापासून तू राणीसावरगावात पुढच्या खोलीचं दार लोटून बसतोस आणि फोन वाजला की त्यावर उशी ठेवतोस म्हणे. (उशीखालीही फोन वाजतोच, लेका. इंजिनवाल्याला एवढं कळू नये?) म्हणून हे पत्र. समजुतीच्या चार गोष्टी लिहिणार नाही. त्या तुला सात महिन्यांत अख्ख्या गावाने सांगून झाल्या असतील.

बातमी अशी, की इथल्या कॉलेजच्या मैदानात ओट्यावर उभं असलेलं नॅट मी मूळ रूपात आणायला घेतलंय. होय, नॅटच. ज्याच्या पोटाखाली आपण दोघांनी जवानी घालवली तेच लढाऊ विमान, तू इंजिनला आणि मी पत्र्याला. वीस वर्षांपूर्वी हवाई दलाने ते कॉलेजला शोभेसाठी दिलं आणि पूर्णेने त्याला आपलंसं केलं. जरा जास्तच केलं. मागे एका प्राचार्यांनी ते रंगवायला नागेशला दिलं. नागेश म्हणजे रेल्वेतला निवृत्त पेंटर. माणूस सोन्यासारखा, पण जन्मभर डबेच रंगवले. त्याने नॅटला निळा रंग दिला, बाजूने पिवळा पट्टा ओढला, कॉकपिटखाली सुबक अक्षरांत ‘आसने १’ लिहिलं आणि शेपटीवर, गाडीच्या शेवटच्या डब्याला असते तशी, भलीमोठी पिवळी फुली काढली! मी जाब विचारायला गेलो तर म्हणाला, “काका, ह्याच्या मागं दुसरा डबा हाय का? न्हाई ना? मंग फुली नको का?” यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

शेवटी त्यालाच हाताशी घेऊन घासायला बसलो. निळ्याखाली रुपेरी निघाला, रुपेरीखाली पुट्टी, आणि एका दुपारी नागेश ओरडला, “काका, हिरवं लागलं!” आपला तो हिरवा रे, कारखान्यात पत्र्यावर दिलेला पहिला हात. मी रुमालाने डोळे पुसले. नागेश म्हणाला, “धूळ लय उडायलीय.” शहाणा माणूस आहे.

पुढे हवा ओढायच्या तोंडात साळुंकीचं घरटं निघालं. तुला आठवतं, त्या तोंडात एक खडा सापडला म्हणून सार्जंटने आपल्याला अख्खी धावपट्टी वेचायला लावली होती? इथे तीन पिल्लं, एक चेंडू आणि कडूबाईंची कधीची हरवलेली वाटी होती. (कडूबाई मैदानाशेजारी राहतात आणि उन्हाळ्यात पंखावर कुरडया वाळवतात. सपाट आहे, तापतो, शेळी पोचत नाही. त्यांना ‘हे युद्धाचं विमान आहे’ असं सांगितलं, तर म्हणाल्या, “मंग आता बसूनच हाय की.”) पिल्लं उडेपर्यंत तीन आठवडे काम बंद ठेवलं. प्राचार्य चिडले. मी म्हटलं, साहेब, या विमानातून आता जे काही उडायचं आहे ते हेच. मग कॉकपिटची काच साफ करायला घेतली. ती टूथपेस्टने घासायची ही तुझीच शिकवण. घरातल्या सगळ्या ट्यूबा संपल्या, त्रिवेणीने दोन दिवस मिठाने दात घासले.

परवा चाकाच्या कप्प्यात शिरलो होतो. (निघताना नागेशने पाय धरून ओढलं.) आत आडवा पडून सवयीने हात बाहेर काढला आणि म्हणालो, “भागवत, बारा नंबरचा पाना दे.” नागेशने हातात ब्रश दिला. तुझी आठवण आली, आणि वहिनींचीही आली. रजा संपवून परतताना त्या आपल्या दोघांसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या आणि माझा वाटा तू गाडीतच संपवायचास. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, त्यांनी मला वेगळा डबा दिला असता. त्या गेल्या हे मलाच अजून पटत नाही, भागवत, तर तुला कसं पटेल?

आठ ऑक्टोबरला, हवाई दल दिनाला, विमानावरचा पडदा काढायचा आहे. तू यावंस असा आग्रह नाही. दोन वेळा जेवत जा.

तुझा,
शिवप्रकाश

ता. क. – आग्रह नाही हे खोडायचं राहिलं. मी जुन्या पद्धतीने कामाचं रजिस्टर ठेवलंय. ज्याने काम केलं त्याने आपलंच काम पास करायचं नाही, दुसऱ्याने तपासून सही करायची, हा नियम तुला ठाऊक आहे. नागेश सही करायला एका पायावर तयार आहे, पण तो तपासायला लागला तर फुली परत येईल. जिल्ह्यात नॅटवर हात चालवलेला दुसरा माणूस तूच. तुझी सही झाल्याशिवाय पडदा हलणार नाही, असं मी प्राचार्यांना सांगून बसलोय.

आणखी एक ता. क. – ‘शिवप्रकाशचं काम म्हणजे बघायला नको, रजिस्टर पाठव’ असं तू म्हणणार. म्हणून मुद्दाम एक चूक ठेवली आहे. शोधून दाखव.

शेवटचा ता. क. – महानंदा ऐकत बसली आहे. म्हणते, खरं सांगा. अक्षर माझं नाही हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. त्रिवेणी लिहून घेते आहे. चूक मी मुद्दाम ठेवलेली नाही. डोळ्यांत मधोमध धुकं आलंय, डॉक्टर म्हणतात आतला पडदा गेला, आता परत यायचा नाही. पत्रे जोडायचे अर्धे रिव्हेट बोटांनी चाचपून बसवलेत. चुका किती आहेत ते मला खरंच माहीत नाही, आणि डोळ्यांचं मी घराबाहेर कुणाला बोललो नाही. तू ये. गंगाखेडहून सकाळच्या गाडीत बस. मी स्टेशनवर उभा असेन. हाक मात्र तू मार.